तुझ्या बायांचं कुंपण

ताई, वाईट बातमी आधी सांगतो, म्हणजे पुढचं सुखानं ऐकशील. तुझी शिलाईची कैची मी मेंदीच्या कुंपणावर चालवली.

तीच ती, काळ्या दांड्याची. जिला कोणी कागद कापायला जरी हात लावला तरी तू घर डोक्यावर घ्यायची. तुझ्या भावजयीनं, शोभानं, पाहिलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अवो, ताई असत्या तं तुमचे बोटंच कापले असते!" बोलली आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली. आता ती कैची कापडावर चालत नाही, नुसती चावते. धार लावून आणली, तरी तिचा राग गेलेला नाही. घे, काय शिव्या द्यायच्या त्या दे. तू गेल्यापासून मला कोणी एक शिवी दिली नाही, बायको नाही, पोरगा नाही. सगळे कसे सांभाळून बोलतात. कंटाळा आला बाई त्याचा.

मला झाडाझुडपातलं काय कळतं ते तुला माहीत आहे. उभा जन्म बीरगावकडच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेला. नट-बोल्ट, बेअरिंग, पट्टे. त्यांना पाणी घालावं लागत नाही आणि ते वाळतही नाहीत. रिटायर झालो तेव्हा तू म्हणाली होती, "आता तरी मातीत हात घाल रे दिन्या." मी म्हणालो, "मातीतच जायचं आहे एक दिवस, घाई काहून करू?" तू खो खो हसली होती. घाई तूच केली.

बाबा रेल्वेच्या मालगोदामात बाबू होते, त्यांनी रायपूरच्या गुढियारीत हे घर बांधलं तेव्हा समोर अंगणाचा एक पट्टा सोडला होता. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी आपापले पट्टे खाल्ले. कोणी दुकान काढलं, कोणी गोदाम. आपला तेवढा राहिला, कारण त्याच्या काठावर तुझी मेंदी होती आणि मेंदीच्या मागे तू उभी होती.

ती मेंदी कशी लागली हे आपण दोघं कधी बोललो नाही. आज मी बोलतो. तू ऐक, मध्ये टोकू नको.

आपली हरतालिका आणि इथल्या लोकांची तीजा एकाच दिवशी येते. आपल्यात बाया उपास धरतात, वाळूची पिंड पुजतात, झालं. इथं तीजेला भाऊ बहिणीच्या सासरी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो. त्या भावाला लेनहार म्हणतात. घ्यायला येणारा. आई भंडाऱ्याची, पण रायपूरच्या शेजारणींत बसून बसून अर्धी छत्तीसगढी झाली होती. तुझं लग्न होऊन वर्ष उलटलं, पत्र नाही, निरोप नाही. तेव्हा तिनं मला बोलावून सांगितलं, "जा, लेनहार होऊन जा. पाहून ये पोट्टीले."

मी कॉलेजात नुकता गेलेला, ओठावर मिशीची नुसती अफवा. गोंदियाच्या पुढे तुझं सासर. तुझी सासू दारातच म्हणाली, "आमच्यात नाही बा असं काही." मी म्हणालो, "तुमच्यात नसंल, आमच्या रायपूरले आहे. ताईले घेऊनच जाईन." कुठून आलं ते धैर्य, देवाला ठाऊक. तू आतून आली ती दोन्ही हात पदरात गुंडाळून. गाडीतही तू हात बाहेर काढले नाहीत. मी केळं पुढं केलं, तर तू ते पदरानंच धरलं. पदर सरकला आणि मला दिसलं. हाताच्या पाठीवर चटक्यांचे डाग, काही जुने, काही कोवळ्या कातडीचे. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. मी विचारलं नाही, तू सांगितलं नाही.

घरी आईनं पाहिलं. ती रडली नाही, ओरडली नाही. शेजारणीकडून मेंदीच्या डहाळ्या मागवल्या, पाट्यावर वाटल्या आणि तुझे हात मांडीवर घेऊन दोन्ही बाजूंनी माखले. डाग दिसेनासे झाले. सण आटोपला आणि बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "दिनू, ताईले पोचवून देजो." मी म्हणालो, "मी आणायले गेलो होतो बाबा. पोचवायले मी नाही जात." बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "बरं."

एवढंच. आपल्या घरात मोठ्या गोष्टी अशाच झाल्या, एका "बरं"मध्ये.

त्याच आठवड्यात वाटून उरलेल्या मेंदीच्या काड्या तू अंगणाच्या काठावर खुपसल्या. मी म्हणालो, "हे काय कराले राहिली? काड्यांचं काय होते?" तू म्हणाली, "फुटते रे." आणि फुटल्या.

लोक आजही म्हणतात, दिनूनं बहिणीला जन्मभर सांभाळलं. ऐकून मला हसू येतं. कोणी कोणाला सांभाळलं? तुझं मशीन पहाटेपासून चालायचं. अर्ध्या गुढियारीच्या ब्लाउजांचं माप तुला तोंडपाठ होतं. शोभा शाळेत शिकवायला जायची तेव्हा आमचा अमेय तुझ्या मशीनखालीच वाढला, बटणं गिळत आणि चिंध्यांत झोपत. आई-बाबांची दुखणी तू काढली. मी फक्त एकदा गाडीत बसून गेलो आणि गाडीत बसून आलो, बाकी सगळं तू केलं. हे तुला तोंडावर सांगितलं असतं तर तू म्हणाली असती, "चाल, चहा पे अन् कामाले लाग." म्हणून राहून गेलं. आता तुझ्या हाती चहा नाही, तर ऐकून घे. फार केलं तू आमच्यासाठी.

त्यानंतर तू स्वतःच्या हाताला कधी मेंदी लावली नाही. हरतालिकाही धरली नाही. ज्याच्यासाठी धरायची त्यानंच हाताला चटके दिले, तर उपास कशाचा? पण दर वर्षी तीजेच्या आदल्या दिवशी तू फाटक उघडं टाकायची आणि मागच्या पाऱ्याकडे, त्या मागच्या वस्तीकडे, तोंड करून हाका मारायची, "आवो दीदी, टोरो! टोरो मेंहदी!" या, तोडा मेंदी. आणि त्या यायच्या. ज्यांना घ्यायला कोणी आलं नाही अशा. कोणाचे आईबाप गेलेले, कोणाच्या भावानं नाव टाकलेलं. देवकी दर वर्षी सगळ्यात आधी. तिचा भाऊ विटाभट्टीवर कमवायला गेला तो तिकडचाच झाला. तू त्यांना चहा करायची, कोणाच्या ब्लाउजची बाही तिथंच नीट करून द्यायची, आणि त्या कुंपणावर तुटून पडायच्या. ओच्यात, टोपलीत, पिशवीत. संध्याकाळपर्यंत कुंपणाच्या नुसत्या काड्या उरायच्या.

आणि मी कारखान्यातून येऊन दर वर्षी तेच म्हणायचो, "ताई, नागवं केलं नं तुझ्या बायांनी! शोभेचं झाड आहे का सार्वजनिक माल?"

तूही तेच म्हणायची, "फुटते रे."

किती वर्षं चाललं हे भांडण. मी म्हणायचो झाडाला दुखतं, तू म्हणायची झाडाला बरं वाटतं. मी म्हणायचो कुलूप लाव फाटकाला, तू म्हणायची कुलूप तुझ्या तोंडाला लावते. आणि मग मला जबरदस्तीनं बसवून माझ्या तळहाताच्या मध्यभागी वाटलेल्या मेंदीचा एक टिपका ठेवायची. "लेनहार आहेस तू. लेनहाराले पन पाहिजे." दुसऱ्या दिवशी कारखान्यात सगळे विचारायचे, "क्या दिनेश भैया, शादी-वादी है क्या?" म्हणून मी निघण्याआधी नळावर जाऊन साबणानं घासून टाकायचो. तू ओट्यावरून पाहत असायची. पुढच्या वर्षी पुन्हा टिपका.

दर वर्षी मृगाच्या आधी तू कुंपण कापायची; मागच्या वर्षी त्याआधीच तू खाट धरली आणि कुंपण कोणी कापलं नाही. तीजेला हाक मारायला तुझ्यात आवाज नव्हता. बाया आल्या, पण तुझ्या खाटेजवळ बसून, पाय दाबून परत गेल्या. घरात दुखणं आहे, मेंदी काय तोडायची? मी मनात म्हणालो, चला, एक वर्ष तरी झाड सुखानं वाढेल.

तेव्हाच अमेयनं भिंतीचं काढलं. पोरगा नवा रायपूरला नोकरीला, तिकडचे रस्ते असे की विमान उतरावं. घरी आला की आपल्या गल्लीत गाडी मावत नाही. "पापा, ये झाड़ियाँ हटा के बाउंड्री वॉल कर लेते हैं। अंदर गाड़ी भी आ जाएगी।" तू खाटेवरून ऐकत होती. मी मस्करीत म्हणालो, "पाहा ताई, बांधून टाकतो भिंत. तुझी अन् माझी दोघांची कटकट संपते." तू मान वळवून म्हणाली, "बांधशील तं बांध. पन थ्या बाया..." आणि खोकला आला. शोभानं पाणी दिलं. मग डोळा लागला तुझा. नंतर दोन-चारदा विषय काढू म्हटलं, पण तू कधी शुद्धीत कधी नाही. होळीच्या आधी तू गेली.

"पन थ्या बाया." पन काय, ताई? माणूस असं वाक्य अर्धवट टाकून जातं का?

तुझं दिवसकार्य झालं आणि मी अंगणात खुर्ची टाकून बसलो, तेव्हा पहिल्यांदा कुंपणाकडे नीट पाहिलं. अगं, काय दशा! वर उंच उंच फोका गेलेल्या, त्यांच्या शेंड्याला मूठभर पानं. खाली कमरेपर्यंत नुसते वाळके खुंट. आरपार रस्ता दिसत होता, रस्त्यावरचा कुत्राही दिसत होता. मधे-मधे झाडं साफ मेलेली. अमेय म्हणाला, "पापा, ये तो गया." मला इतका राग आला की काय सांगू. जसं काही तो तुझ्याबद्दलच बोलला. मी म्हणालो, "कोणी नाही गेलं. मी करतो त्याले हिरवं." पोरगा मवाळ आहे, तुझ्या हाताखालचा आहे. म्हणाला, "ठीक है, तीजा तक देख लेते हैं। हरा हुआ तो रहेगा, नहीं तो उसके बाद मिस्त्री लगा देंगे।"

झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला वाटलं, झाड वाळलं म्हणजे तहानलं. दिलं पाणी. सकाळी दिलं, संध्याकाळी दिलं, नवतप्याचं नऊ दिवसांचं आगीसारखं ऊन लागलं तेव्हा जीव राहवेना म्हणून भर दुपारी डोक्यावर ओला टॉवेल टाकून पाइप घेऊन उभा. डेअरीवाल्याकडून ताजं शेण आणलं आणि बुडाशी असं थापलं जसं काही गोवऱ्याच घालायच्या आहेत. कोणाला एक डहाळी तोडू दिली नाही. एक बाई पोराच्या बारशाला मूठभर पानं मागायला आली, तर मी म्हणालो, "अभी नहीं, बीमार है." आणि मेंदी अजूनच पिवळी पडली. जी चार पानं होती तीही गळाली. बुडाशी शेण उकरून पाहिलं तर उधई, वाळवी. पांढरी, वळवळणारी, खोडावर मातीचे रस्ते करून वर चढलेली. अति तेथे माती म्हणतात, इथं मातीत उधई पण आली.

त्या दिवशी मी खरंच रडलो, ताई. तू गेली तेव्हा लोक होते, व्याप होता, रडायला सवड झाली नव्हती. उधई पाहून रडलो. मला वाटलं, एवढी एक गोष्ट तू मागे ठेवली होती आणि ती मी माझ्या हातानं मारली.

शोभा चहा घेऊन आली. उभी राहिली. म्हणाली, "रडून काय होते? ताई मृगाच्या आधी कापत होत्या नं?"

"हव."

"मंग कापा."

"कापू कसा? थे वरचं सगळं ताई असताना वाढलं आहे. खाटेवरून पाहत होती ती."

शोभा म्हणाली, "ताई झाडाकडे नोत्या पाहत. दरवाजाकडे पाहत होत्या. कोन येऊन राहिलं म्हणून."

मग मी तुझी कैची काढली. कपाटात सगळ्यात वर तीच होती आणि मला वाटलं तुझ्या हातचं हत्यार आहे, तेच चाललं पाहिजे. पहिल्या दोन-तीन फोका कापल्या, मग खोडं लागली आणि कैचीनं दात टाकले. शोभानं ती काढून घेतली आणि शेजाऱ्याकडची आरी आणून दिली. वरच्या फोका पाडल्यावर आतलं दिसायला लागलं, आणि ताई, आत तुझे काप होते. वर्षानुवर्षांचे. जाड खुंटावर गाठी झालेल्या, प्रत्येक काप तिरपा, त्याचा उतार बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाणी साचू नये म्हणून असणार. आणि प्रत्येक कापाच्या खालून दोन-दोन, तीन-तीन फांद्या फुटलेल्या. जिथं तू कापलं तिथंच ती दाट झाली होती. मागच्या वर्षभरात जिथं कोणी हात लावला नव्हता, तिथं एकच एक फोक नुसती उंच पळालेली. मला इतकी वर्षं वाटत होतं की तू कापते, बाया ओरबाडतात आणि तरीही ती बिचारी वाढते. उलटं होतं गं. तोडत होत्या म्हणून भरत होती. मी लाडात वाढवायला गेलो तर तिला उधई लागली.

भांडण तू जिंकली. लिहून देतो. फक्त मी हरल्यावर तुझं तोंड कसं फुलायचं ते पाहायचं राहिलं.

मग मी डगमगलो नाही. गुडघ्याइतकं ठेवून सगळं कापलं, तुझ्यासारखं तिरपं. जिथं शंका होती तिथं नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं दिसलं की ठेवलं, भुरं दिसलं की सब्बलनं उपटलं. ताजं शेण काढून फेकलं, निंबोळीची ढेप आणून मातीत कालवली. पाणी बंद. हे पाणी बंद करणं सगळ्यात कठीण गेलं, हात पाइपाकडेच जायचा. मेलेल्या झाडांच्या जागी कापलेल्यांतल्याच पेन्सिलीएवढ्या काड्या खुपसल्या. खुपसताना तोंडातून आपोआप निघालं, "काड्यांचं काय होते?" आणि माझंच मला हसू आलं. गल्लीतले लोक येता-जाता विचारायचे, "क्या दिनेश भैया, साफ करवा दिए? दीवाल बनवा रहे हो?" मी म्हणायचो, "देखते जाओ."

पाऊस सुरू झाला आणि खुंटांवर लाल-लाल टिपके आले. मी रोज सकाळी चष्मा लावून मोजायला नाही, नुसता पाहायला जायचो. टिपक्यांची पानं झाली. पोळ्याला गल्लीतली लहान पोरं लाकडाचे बैल घेऊन आली तोवर कुंपण माझ्या कमरेला लागत होतं. उंच नाही, पण दाट. इतकं दाट की पलीकडचा कुत्रा दिसत नव्हता. खुपसलेल्या काड्यांतल्या निम्म्या गेल्या, निम्म्या धरल्या. अमेयनं गाडी रस्त्यावर लावली, कुंपणाजवळ उभा राहिला, एक पान तोडून चुरगाळलं आणि वास घेतला. बराच वेळ घेत होता. म्हणाला, "आत्या जैसी खुशबू है।" आत्याला मेंदीचा वास कुठून, तू तर लावत नव्हती. पण तोडणाऱ्यांना चहा करता करता तुझ्या पदराला लागत असेल. भिंतीचं तो काही बोलला नाही.

मग तीजेचा आदला दिवस आला. सकाळीच मी फाटक उघडं टाकलं. खुर्ची टाकून बसलो. शोभानं चहाचं मोठं पातेलं काढून ठेवलं. कोणी आलं नाही. बाया गल्लीतून जात होत्या, कुंपणाकडे पाहत होत्या, मला बघून डोक्यावरचा पदर सारखा करून पुढं जात होत्या. देवकी दोनदा गेली. तिसऱ्यांदा मी हाक मारली, "देवकी, मेंहदी नइ चाही का?"

ती थांबली, पण फाटकाच्या आत पाय टाकला नाही. म्हणाली, "गमी के घर आय भइया. बछर भर नइ लेवँय." दुःखाचं घर. वर्षभर तिथून सणाचं काही घ्यायचं नाही. तुझ्या मानापायीच ती आत येत नव्हती, ताई. आणि शोभाही हळूच म्हणाली, "बरोबर आहे तिचं. वर्ष व्हायचं आहे. लोकं काय म्हनतीन?"

मी बसून राहिलो. एवढी मेंदी फुटली होती, आणि ती उभ्या उभ्या पुन्हा उंच पळणार, पुन्हा खालून वाळणार. तेव्हा मला तुझं ते अर्धं वाक्य नीट ऐकू आलं. भिंत बांधशील तर बांध, पण थ्या बाया. तुला झाडाचं पडलंच नव्हतं. तू बायांचं म्हणत होती. त्यांना कोण बोलावील, हे म्हणत होती.

मी शोभाला म्हणालो, "सण आपल्याले नाही, मान्य. पन त्यांले आहे नं? ताईनं कधी हरतालिका धरली होती? तरी आयुष्यभर मेंदी वाटली." शोभानं खुंटीवरचा धुतलेला सदरा काढून माझ्या हातात दिला.

मी सदरा घातला, केस विंचरले आणि मागच्या पाऱ्यात गेलो. इतकी वर्षं या गल्लीत राहतो, पण त्या पाऱ्यात मी कधी कोणाच्या दारात उभा राहिलो नव्हतो. तू जायची. गोंदियाच्या पुढे तुझ्या सासूच्या दारात उभा होतो, तसाच आता इथं उभा होतो. देवकी दारात पीठ मळत बसली होती. मला पाहून उठली, हात पिठाचे. मी म्हणालो, "देवकी, मैं तोला लेवाय बर आय हँव."

मी तुला घ्यायला आलो आहे. लेनहाराचं वाक्य.

तिचा चेहरा असा काही झाला, ताई, की मी जमिनीकडे पाहायला लागलो. पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले. आतून तिचा नवरा म्हणाला, "जा न ओ, भाई आय हे." तिनं शेजारच्या दाराला हाक मारली, त्या दारानं पुढच्या. मी पुढे आणि माझ्या मागे तुझ्या बाया, सगळ्या गुढियारीनं पाहिलं. कोणी काही म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

फाटकाशी येऊन देवकी अडली. "टोरँव का भइया?" तोडू का?

"हव, टोर. दीदी के आय." तुझीच आहे ती.

आणि मग त्या तुटून पडल्या. ओच्यात, टोपलीत, पिशवीत. चहाचं पातेलं दोनदा चढलं. कोणी तुझ्या मशीनवरून हात फिरवला, कोणी तुझ्या रिकाम्या खाटेशी जाऊन उभी राहून आली. रडल्या, हसल्या, एकमेकींवर ओरडल्या. शोभानं थोडी मेंदी पाट्यावर वाटली. स्वतःला लावली नाही, वर्ष व्हायचं आहे. पण मला बसवलं आणि तळहाताच्या मध्यभागी एक टिपका ठेवला. मी म्हणालो, "मले कायले?" ती म्हणाली, "लेनहार आहा नं तुम्ही." आज सकाळी हात धुताना मी तेवढी जागा सोडून धुतली.

काल संध्याकाळी अमेय आला. बाया गेल्या होत्या. अंगणात पानांचा चुरा, आणि कुंपणाच्या नुसत्या काड्या उरलेल्या, आरपार रस्ता दिसत होता, रस्त्यावरचा कुत्राही दिसत होता. पोरगा कपाळाला हात लावून उभा राहिला. "पापा! इतनी मेहनत से तो आया था। पूरा नंगा कर दिया इन लोगों ने!"

मी खुर्चीतून उठलोही नाही.

"फुटते रे," म्हणालो.